इमॅजिकाची एक दिवसाची सहल: गाडी ठरवण्यापासून घरी परतेपर्यंत

खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलं की घरात आधी राइडचीच चर्चा सुरू होते. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये कोण बसणार, कोण आयत्या वेळी माघार घेणार, पाण्यात भिजायचं की नाही. गाडीचा विषय शेवटी येतो आणि "बघू, मिळेल काहीतरी" म्हणून उरकला जातो. माझ्या मते सुरुवात गाडीपासूनच करायला हवी. पार्क रोज तेच असतं. त्यातलं तुमच्या वाट्याला किती येणार हे तुम्ही किती वाजता पोचता, कोणत्या अवस्थेत पोचता आणि संध्याकाळी परतायची घाई किती आहे, यावर ठरतं. लहान मूल गाडीत दोनदा उलटी करून पोचलं तर पुढचे दोन तास गेलेच. आजीला पहाटे साडेचारला उठवलं तर दुपारी तीनला ती बाकावर बसून घड्याळ बघत असते. तिकिटावर माणशी चांगले पैसे घालवायचे असतील तर त्याआधी एक संध्याकाळ गाडीच्या विचारात घालवायला हरकत नाही.

हे मार्गदर्शन मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे इथून एका दिवसात जाऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. नाशिक किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्यांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये. एका बाजूचेच चार-पाच तास जातात. पनवेल, खोपोली किंवा लोणावळ्याला आदल्या रात्री मुक्काम केला तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू पडेल.

जागा नेमकी कुठे आहे

इमॅजिका रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. २०१३ साली ते 'अॅडलॅब्ज इमॅजिका' या नावाने सुरू झालं. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं आणि नंतर बर्फाचं दालन. त्याआधीच्या पिढीची सहल म्हणजे १९८९ला गोराईला सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड. तिथे खाडी ओलांडून लाँचने जायचं आणि मुलांची निम्मी मजा त्या लाँचमध्येच व्हायची. इमॅजिकाला जाताना त्या जागी द्रुतगती मार्ग आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून खालापूरला बाहेर पडायचं आणि पालीच्या दिशेला वळायचं.

नकाशावरची एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पार्क घाटाच्या पायथ्याशी आहे. मुंबईकरांना बोरघाट लागतच नाही, सगळा रस्ता सपाट. पुणेकरांना सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी, दमलेल्या पोरांसह, तोच चढायचा. दोन्हीकडून अंतर ऐंशीच्या आसपास किलोमीटर, पण प्रवास सारखा नाही. गाडी लागणारं माणूस घरात असेल तर पुणेकरांनी जास्त तयारी करावी.

आधी माणसं मोजा, आणि मुलांची उंचीही

मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. राइडलाही तोच नियम. मोठ्या कोस्टरसाठी साडेचार फुटांच्या आसपासची उंची मागतात आणि तिथल्या खांबावरच्या रेघेपुढे कुणाची विनवणी चालत नाही, चालूही नये. सुरक्षेचा पट्टा त्या मापाच्या अंगासाठीच बनवलेला असतो. म्हणून घरी दाराच्या चौकटीला टेकवून, चपला काढून, प्रत्येक मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि लिहून ठेवा. मग पार्कच्या संकेतस्थळावर राइडगणिक उंची बघा आणि ती मुलांना आदल्या दिवशीच सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला घरी "तुला यंदा नायट्रो नाही, डीप स्पेसचं मापून बघू" म्हटलं तर तो एक तास रुसतो. तेच अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं तर त्याचा दिवस जातो.

आजी-आजोबांना न्यावं का? जरूर न्यावं, पण चालणं भरपूर आहे हे त्यांना सांगून. त्यांना बसता येईल असं तिथे बरंच आहे. 'आय फॉर इंडिया'मध्ये मोठ्या पडद्यासमोर बसून देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं आणि ते ज्येष्ठांना फार आवडतं. मेरी-गो-राउंड आहे, मोठा पाळणा आहे, संध्याकाळची मिरवणूक आहे. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची मिळते का, हे आधी फोन करून विचारा. हृदयविकार, पाठीच्या मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर कोस्टर आणि उंचावरून खाली सोडणाऱ्या राइड वर्ज्यच. "एकदा बसून बघते" या मोहाला घरातल्यांनीही पाठिंबा देऊ नये.

थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी तिकिटं आहेत, आणि एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका. कपडे बदलण्यात, लॉकर शोधण्यात आणि ओल्या केसांनी इकडून तिकडे जाण्यात वेळ जातो आणि दोन्ही अर्धवट राहतात. मुलं सहा वर्षांखालची असतील आणि उन्हाळा असेल तर नुसतं वॉटर पार्क. मुलं मोठी असतील तर थीम पार्क.

वार आणि महिना

सुट्टीच्या दिवसाचं तिकीट महाग, रांगा लांब, रस्ता तुंबलेला. एवढ्यासाठी मुलांची एक दिवसाची शाळा बुडवावी का हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. शनिवार-रविवारच जमत असेल तर निदान योग्य वार निवडा. शनिवारी सकाळी अख्खी मुंबई लोणावळ्याकडे निघते आणि रविवारी संध्याकाळी तीच गर्दी मुंबईकडे वळते. मुंबईकरांनी शनिवार घेतला तर पहाट सांभाळावी लागते, पण संध्याकाळी परतीचा रस्ता त्या मानाने मोकळा मिळतो. रविवारी नेमकं उलट होतं, आणि थकलेल्या मुलांसह कोंडी सोसण्यापेक्षा ताज्या मुलांसह सोसलेली बरी. पुणेकरांना रविवार सोयीचा. सकाळी घाट उतरताना आणि रात्री चढताना ते मुख्य गर्दीच्या उलट दिशेला असतात.

डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, पण याच काळात शाळांच्या सहली निघतात. मधल्या वारीही दारात बसची रांग दिसते. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना ही तर गर्दीचीच वेळ. माझी आवड म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. सहली संपत आलेल्या, परीक्षा अजून दूर आणि ऊन सोसण्यासारखं. जूनच्या उत्तरार्धात, शाळा नुकत्याच उघडल्यावर, गर्दी एकदम उतरते, पण पाऊस आलेला असतो. सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस म्हणजे रिमझिम नव्हे. विजा चमकल्या किंवा जोर वाढला की मोकळ्यावरच्या राइड बंद ठेवतात. जुलैमध्ये जायचं असेल तर डोंगर बघायला जातोय आणि राइड मिळाल्या तर मिळाल्या, एवढीच अपेक्षा ठेवावी.

गाडीचे चार मार्ग

पहिला मार्ग पार्कचंच 'तिकीट अधिक बस' असं एकत्र पॅकेज. मुंबई आणि पुण्यातल्या ठरावीक थांब्यांवरून बस सुटते आणि संध्याकाळी तिथेच सोडते. चार जणांच्या कुटुंबाला हा सगळ्यात सुटसुटीत. चालकाची, टोलची, पार्किंगची चिंता नाही. फक्त थांबा डोळसपणे निवडा. पहिल्या थांब्यावर चढणारा सगळ्यात आधी उठतो आणि परतताना बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी उतरतो. बोरिवलीला चढलात तर अंधेरी, दादर, वाशी करत बस शहराबाहेर पडेपर्यंत दीड-दोन तास गेलेले असतात. घरापासून मधल्या किंवा शेवटच्या थांब्यापर्यंत रिक्षाने किंवा मेट्रोने जाता येत असेल तर मुलांना तेवढी झोप जास्त मिळते. थांब्यांची यादी आणि वेळा बदलत राहतात. बुकिंगच्या दिवशी जे छापून येईल तेच खरं धरा.

या बसची मर्यादाही लक्षात घ्या. ती कुणासाठी थांबत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर गेली, आणि तिकिटाचे पैसे मिळतीलच असं नाही. दिवसभर ती तुमच्या हाताशीही नसते, त्यामुळे ओले कपडे, पाळणागाडी, औषधांची पिशवी सगळं बरोबर वागवावं लागतं किंवा लॉकर घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग गावातल्या ट्रॅव्हल्सवाल्याची किंवा सोसायटीतल्या कुणी काढलेली सहल. "माणशी अमुक, सगळं धरून" असं सांगतात. या 'सगळं धरून'ची फोड करून घ्या. तिकीट थीम पार्कचं की वॉटर पार्कचं? कर धरून की वेगळा? जेवण म्हणजे आतलं कूपन की बाहेर ढाब्यावर? नाश्ता कुठे? लहान मुलाला स्वतंत्र सीट आहे की मांडीवर? बस एसी असेल तर एसी दिवसभर की फक्त चालू गाडीत? किमान माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होते का, आणि पैसे किती दिवसांत परत? पावसाने राइड बंद पडल्या तर काय? ही विचारपूस अविश्वासाची नाही. चांगला सहलवाला यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून देतो. लिहून द्यायला जो काचकूच करतो त्याच्याकडे आगाऊ रक्कम देऊ नये.

तिसरा मार्ग स्वतः भाड्याने गाडी करणं, आणि दोन-तीन घरं मिळून जाणार असाल तर माझ्या मते हाच उत्तम. बारा, सतरा किंवा वीस सीटची टेम्पो ट्रॅव्हलर मिळते. इथे भाड्याची भाषा कळली पाहिजे. शहरातल्या शहरात '८ तास, ८० किलोमीटर' असं पॅकेज असतं. ते या सहलीला पुरत नाही. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर होतात आणि बारा-तेरा तास लागतात, म्हणजे जादा तास आणि जादा किलोमीटर असे दोन्ही आकार बसतात. दुसरी पद्धत बाहेरगावच्या भाड्याची. दर किलोमीटरमागे, पण दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरून. म्हणजे तुम्ही १७० फिरलात तरी पैसे किमान अंतराचे. दोन्ही पद्धतींनी आकडा काढायला सांगा आणि कमी तो घ्या.

उदाहरण म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे फक्त समजण्यापुरते, दर तुमच्या गावचे घाला. समजा दर २६ रुपये आणि किमान ३०० किलोमीटर, तर ७,८०० झाले. चालकाचा भत्ता ५००, टोल आणि पार्किंग मिळून ९००. एकूण ९,२००. पंधरा माणसं असतील तर माणशी सव्वासहाशेच्या आतच, नऊच असतील तर हजाराच्या वर. या आकड्याशी पार्कच्या बसचा माणशी जादा आकार ताडून बघा. साधारण दहा-बारा माणसांनंतर स्वतःची गाडी परवडायला लागते, आणि सोय तर किती तरी जास्त.

गाडी ठरवताना पाच गोष्टी फोनवर न ठेवता मेसेजमध्ये लिहून घ्या. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून. टोल, पार्किंग भाड्यात की वेगळे. चालकाचा भत्ता किती आणि रात्री किती वाजल्यानंतर जादा. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी परवान्याची आहे ना. आणि ऐनवेळी ती बिघडली तर बदली कोण देणार. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने वापरताना अपघात झाला तर विम्याचं भांडण उभं राहतं. तसंच सतरा सीटच्या गाडीत एकोणीस जण कोंबू नका. "मुलं काय, मांडीवर बसतील" हे द्रुतगती मार्गावर म्हणायचं वाक्य नाही.

एसटीही विसरू नका. मोठा गोतावळा असेल, चाळीस-पंचेचाळीस माणसं, तर आगारातून प्रासंगिक करारावर आख्खी बस मिळते. त्यासाठी आगारात आधीच चौकशी करून अनामत भरावी लागते.

चौथा मार्ग रेल्वे. मध्य रेल्वेची लोकल कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला पोचते. काही गाड्या थेट मुंबईहून आहेत, नाहीतर कर्जतला बदलायचं. पुढे खोपोलीहून रिक्षा. हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि पावसाळ्यात तो पट्टा बघण्यासारखा. पण कर्जत-खोपोली एकेरी मार्ग आहे, गाड्या थोड्या, एक चुकली की बराच वेळ फलाटावर. रविवारी मेगाब्लॉक असेल तर सगळं वेळापत्रकच कोसळतं. कॉलेजच्या पोरांना ठीक, आजी आणि तान्ह्या मुलासह नको.

एक विषय हमखास निघतो, तो आताच मिटवतो. "एवढं खोपोलीपर्यंत जातोय तर अष्टविनायकातला एखादा तरी गणपती करू." महडचा वरदविनायक खोपोलीच्या अलीकडेच आहे. स्वतःची गाडी असेल आणि मुंबईहून सहाला निघण्याची तयारी असेल तर त्याचं दर्शन घेऊन पार्क उघडायच्या वेळेला पोचता येतं. पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्यावर पण आणखी बराच पुढे आहे. तो त्या दिवशी करू नका. संध्याकाळी थकून देवळात जाण्यापेक्षा पालीसाठी वेगळा दिवस काढावा.

आदला दिवस

गट मोठा असेल तर एकाच माणसाने सूत्रं हातात घ्यावीत आणि आदल्या संध्याकाळी असा एक मेसेज टाकावा:

"गाडी सकाळी ६:४५ला आपल्या गेटवर, ७ला सुटेल. आत्या आणि काका ७:२०ला माजिवड्याला. चालकाचं नाव, नंबर आणि गाडीचा नंबर खाली देतो. सगळ्यांनी आधार कार्ड, मुलांनी शाळेचं ओळखपत्र. प्रत्येकी एक जादा कपड्यांचा जोड आणि प्लास्टिकची पिशवी. सोनं कुणीही घालू नये. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, डबे गाडीत खायचे."

ओळखपत्रांचं कारण असं की ज्येष्ठ, विद्यार्थी किंवा वाढदिवस अशा सवलतींचं तिकीट घेतलं असेल तर दारात पुरावा मागतात. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, छापील प्रत एक आणि फोनमध्ये चित्र एक.

सोन्याचंही खरंच मनावर घ्या. मंगळसूत्र, साखळ्या, कानातले झुबे हे कोस्टरच्या आधी काढावेच लागतात आणि मग ते सांभाळत दिवस जातो. ओढणी, साडीचा पदर, मोकळे लांब केस यांचा राइडच्या फिरत्या भागाशी संबंध येणार नाही असे कपडे घाला. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने, सरावाचे बूट. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. चष्म्याला दोरी. वॉटर पार्कला जाणार असाल तर नायलॉनचेच पोहण्याचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. घरून नेले तर भाडं वाचतं.

डब्याबद्दल दोन शब्द. आतलं जेवण महाग आहे आणि दारावर पिशव्या तपासतात. तान्ह्या मुलाचं खाणं आणि औषधं यांना सहसा हरकत नसते. तेव्हा सकाळचा भरपेट नाश्ता गाडीत आणि परतीचं खाणं गाडीत ठेवायचं, अशी योजना करावी. परतीसाठी उन्हात उभ्या गाडीत टिकेल असंच द्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपोळी, चिवडा. ओल्या खोबऱ्याचं, बटाट्याच्या भाजीचं किंवा दह्याचं काही संध्याकाळपर्यंत ठेवू नका. चालकाचा डबा त्याच हिशोबात धरा.

सकाळ: वेळ मागून पुढे नव्हे, पुढून मागे मोजा

पार्क सहसा साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतं. वेळ वारानुसार बदलते, म्हणून तुमच्या तारखेची बघून घ्या. उघडण्याच्या निदान अर्धा तास आधी दारात असायचं. त्याआधी अर्धा तास नाश्ता आणि स्वच्छतागृह. त्याआधी प्रवास, ठाण्याहून दोन तास धरा, दादरहून सव्वादोन, पुण्यातल्या कोथरूडहून अडीच. शनिवारी त्यात आणखी पाऊण तास मिळवा. या हिशोबाने अकराला उघडत असेल तर ठाणेकरांनी आठच्या आत आणि शनिवारी सव्वासातच्या आत निघालं पाहिजे. पहाटे पाचला निघण्याची गरज कुणालाच नाही. तो उत्साह दुपारी महागात पडतो.

गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीट द्या आणि समोरच्या रस्त्याकडे बघायला सांगा. मोबाइल त्यांच्या हातात नको. उपाशीपोटी बसवू नका, पोट तुडुंबही नको. दोन बिस्किटं किंवा कोरडी पोळी पुरे. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू यांचा बऱ्याच जणांना गुण येतो. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग होत नाही. पुणेकरांनी घाट सुरू होण्याआधी थांबून मगच उतरावं, आणि नाश्ता घाट उतरल्यावर करावा.

प्रवासात मुलांना सांगायला एक छान गोष्ट आहे. पार्कमधल्या एका जलसफरीला राजासॉरसचं नाव आहे. हा डायनासोर खरोखर आपल्या देशातला. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ त्याचे जीवाश्म मिळाले आणि २००३ साली त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नर्मदेवरून नाव देण्यात आलं. हे ऐकून गेलेली मुलं त्या राइडमध्ये ओरडतात कमी आणि बघतात जास्त.

उतरण्याआधी चालकाला संध्याकाळची वेळ आणि जागा नक्की सांगा, गाडीचा आणि पाटीचा फोटो काढून ठेवा. वाहनतळात एकसारख्या पांढऱ्या ट्रॅव्हलर पन्नास उभ्या असतात.

आत गेल्यावर

पहिला तास सोन्याचा. दारातल्या चौकात फोटो काढत बसू नका, फोटो संध्याकाळीही निघतात. ज्यांची उंची आणि हिंमत आहे त्यांनी थेट नायट्रो गाठावं. पायाखाली फरशी नसलेलं, ताशी शंभरच्या वर वेग घेणारं आणि उलटं फिरवणारं हे कोस्टर म्हणजे तिथलं मुख्य आकर्षण, आणि अकरा-साडेअकरानंतर तिथे सगळ्यात मोठी रांग. त्यानंतर डीप स्पेस, जे अंधारात धावतं. मग गोल्ड रश एक्स्प्रेस, जे जरा सौम्य आहे आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना आई-बाबांसोबत बसायला उत्तम. स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप या जेवणाआधीच उरका. याच वेळात घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने लहानग्यांना घेऊन कपबशा, मेरी-गो-राउंड आणि टबी हत्तीची राइड करावी. दोन गट करून साडेबाराला एका ठिकाणी भेटायचं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरण्याने कुणाचंच मन भरत नाही.

ऊन तापलं की छपराखालच्या राइड. अलिबाबा आणि चाळीस चोर, ज्यात बसल्या जागेवरून नेम धरून गुण मिळवायचे, तिथे आजोबा आणि नातू यांची चुरस लागते. आय फॉर इंडियाही याच वेळी. जेवायला सगळे एकदीडला जातात, म्हणून एकतर बाराला जेवा किंवा अडीचला. पोट भरल्यावर तासभर गोल फिरणारं काही नको.

भिजवणाऱ्या राइड, म्हणजे राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉय, तीनच्या सुमारास. ऊन असतं, कपडे संध्याकाळपर्यंत वाळतात. हिवाळ्यात पाचनंतर भिजू नका. अंधार पडल्यावर गार वारं सुटतं आणि एसी बसमध्ये मुलं कुडकुडतात.

रांग टाळण्याचं वेगळं, जादा पैशांचं तिकीट मिळतं. मधल्या वारी त्याची गरज नाही. मे महिन्यातल्या रविवारीच जाणं भाग असेल आणि मुलं कोस्टरवेडी असतील, तर फक्त त्या दोघा-तिघांपुरतं घ्यावं. अख्ख्या कुटुंबासाठी घेणं म्हणजे आजीच्या न वापरलेल्या राइडचे पैसे भरणं.

लहान मुलाच्या मनगटावर पेनाने आई-बाबांचा फोन नंबर लिहा, आणि हरवलास तर गणवेशातल्या माणसाकडे जा, शोधत फिरू नकोस, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. पॉवर बँक एकाकडे तरी हवीच. पाणी सतत पीत राहा. कोकणातल्या दमट हवेत घाम किती जातो ते कळत नाही आणि चारला डोकं धरतं.

परतीचा प्रवास

संध्याकाळची मिरवणूक बघायची असेल तर ती संपल्या संपल्या सगळे एकदम दाराकडे निघतात. तेव्हा मिरवणुकीआधीच कपडे बदला, लॉकर मोकळा करा, मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. मग बघता बघता दाराच्या बाजूला सरकत राहा. पार्कच्या बसने आला असाल तर बसची वेळ आधी बघा. मिरवणुकीचा शेवट सोडावा लागला तर सोडा.

गाडीत बसल्यावर मोजणी डोक्यांची करा, नावं पुकारून. चालकाने जेवण केलं का, दुपारी झोप काढली का, हे विचारा. तो तुमच्या आधी दोन तास उठलेला आहे. डोळे जड वाटत असतील तर चहाला थांबा, दहा-पंधरा मिनिटं त्याला पाय मोकळे करू द्या. पुढच्या सीटवर एका मोठ्याने जागं राहायचं आणि त्याच्याशी गप्पा मारायच्या. बाकी सगळे झोपले तरी हा नियम मोडू नये. रविवारी मुंबईकडे कोंडी असेल तर "जरा दामटा" असं मागून कुणी म्हणू नये.

उतरताना सीटखाली हात घालून बघा. पाण्याच्या बाटल्या, चष्मे आणि मुलांचे बूट तिथेच राहतात. सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर चालकासमोर वाचून, फोटो काढून, उरलेली रक्कम तिथेच चुकती करा आणि पावती घ्या. चालकाने दिवसभर नीट सांभाळलं असेल तर त्याच्या हातात वेगळे काही ठेवा. घराघरांतला हिशोब मात्र त्या रात्री काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, टोलच्या पावत्या आणि तिकिटांचा आकडा ग्रुपवर टाका. गाडीचं भाडं मोठ्या माणसांत समान वाटा, तिकीट ज्याचं त्याने, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला सीट दिली असेल तर अर्धा वाटा. हे वाटप निघण्याआधीच ठरलं असेल तर कुणाचीही कुरकुर होत नाही.